पोशीरची सवत

आनंदीबाईला सवत होती. ती आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी येत असे. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, कानावर अर्धी ओढलेली विडी. नाव सहदेव, राहणार पोशीर, धंदा भातशेती, आणि मिशा अशा झुपकेदार की चहा आधी त्या पीत आणि मग तो.

खरीखुरी सवत असती तर आनंदीबाईनं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, चार बायकांपुढं डोळ्यांना पदर लावला असता, आणि बायकांनीही 'अगं बाई गं' म्हणत तिची बाजू घेतली असती. पण आपल्या नवऱ्याला एक मिशाळ शेतकरी आवडतो आणि तो त्याच्याशी देवाबद्दल भांडत बसतो, ही तक्रार न्यायची कुणापुढं? नेली असती तर लोक हसले असते. म्हणून ती गप्प राहिली आणि आतल्या आत जळत राहिली. थोडीथोडकी नव्हे, अकरा वर्षं.

मालोजी साळवे हे तिचे यजमान, कर्जतच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. पूर्वी नगरकडे शाळेवर होते म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मंडळी काही फार मोठी नव्हे. रेल्वेतली सातआठ घरं, दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, एक पेन्शनीत निघालेला पोस्टमन. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, महिन्यातून एक रविवार कल्याणहून येत, बाकीचे रविवार मास्तरांचे. स्टेशनापासून जरा आत दोन भाड्याच्या खोल्या होत्या. पुढच्या खोलीत उपासना, मागच्या खोलीत संसार, आणि रस्त्याच्या बाजूला एक ओटा. भांडण चालायचं ते त्या ओट्यावर.

मास्तरांना वादाची भारी हौस. पवित्र शास्त्र त्यांच्या जिभेवर होतं आणि जिभेला धार होती. विश्वास ठेवायचा तो कारण दाखवून ठेवायचा, आंधळी कोशिंबीर खेळायला देवानं डोकं दिलेलं नाही, असं ते म्हणत. खोपोली, चौक, नेरळ, कुठंही कुणी शिकलेला माणूस भेटला की मास्तरांनी त्याला धरलाच. हरलेली माणसं पुढच्या खेपेला दुसऱ्या रस्त्यानं जात. त्यांतला ख्रिस्ती एकही झाला नाही, पण मास्तरांची मान काही खाली आली नाही.

सहदेव मात्र रस्ता बदलणाऱ्यांतला नव्हता. तो गावच्या देवळात पोथी सांगायचा, त्यामुळे वादाला तोही कच्चा नव्हता. नेरळचा बाजार उशाशी असताना हा बाबा तांदळाची गोणी घेऊन कर्जतला यायचा. लोक समजायचे, इथं तांदळाला भाव बरा मिळतो. तांदळाला कसला, वादाला मिळायचा. सहदेव शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाही, हेही आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच वाट बघत बसायचा.

वादाचा विषय एकच. सहदेवचा धाकटा भाऊ नामा जन्मापासून पायानं अधू होता. मागल्या जन्मीचं पाप, असं गावानं सांगून टाकलं होतं. सहदेव ओट्यावर मांडी ठोकायचा आणि म्हणायचा, "मागला जन्म नाय मानला, तर नामाचा पाय कुनाच्या माथी मारायचा, मास्तर? तुमचा देव न्यायी हाय म्हनता ना?"

मग मास्तर ती जन्मांधाची गोष्ट काढत. येशू वाटेनं चाललाय, वाटेत एक जन्मापासूनचा आंधळा बसलाय, आणि शिष्य विचारतायत, पाप केलं कुणी? ह्यानं की ह्याच्या आईबापांनी? "काय सांगितलं प्रभूनं? कुणीच नाही! ना त्यानं, ना आईबापांनी. कुणीच नाही, सहदेवबुवा!" हे 'कुणीच नाही' म्हणताना मास्तरांचा आवाज चढायचा, गुडघ्यावर थाप पडायची, कपाळाची शीर टरारायची. सहदेव मान हलवायचा, पटलं नाही म्हणायचा, आणि पुढच्या बाजाराला तोच नामाचा पाय आणि तोच आंधळा पुन्हा ओट्यावर.

एकच गोष्ट अकरा वर्षं! आनंदीबाई मागच्या खोलीत चहाला आधण ठेवायची आणि दात खायची. बाजाराच्या दिवशी मास्तर सकाळी उठून दाढी करत. तसे ते दाढी रविवारी करत, नाहीतर कुणाच्या लग्नाला. त्या दिवशी धुतलेला सदरा अंगात. "चहात आलं घाल गं आज," हेही त्याच दिवशी. एरवी घरात त्यांचं बोलणं म्हणजे मीठ संपलंय, छत्री गळतेय, येत्या रविवारी पाळकसाहेब जेवायला आहेत. आठवड्याचं सगळं बोलणं साठवून ठेवलेलं असायचं ते त्या मुंडाशासाठी. सहदेव उशीर करायला लागला की मास्तर रस्त्याकडं मान काढून बघत. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती आठवडाभर परगावी राहून परतली होती तेव्हा असं कुणी रस्त्याकडं बघितलं नव्हतं. तिनं हे मनात धरून ठेवलं होतं.

खरी आग याच्याही खाली होती. शास्त्र तिला मास्तरांपेक्षा जास्त येत होतं.

हे तिचं एकटीचं मत नव्हे. ती लहानपणीच पोरकी झालेली, नगरकडच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढलेली. शास्त्राच्या परीक्षेत तिला शंभरात सत्त्याण्णव गुण पडले होते, आणि ते तीनही अक्षर बरं नाही म्हणून गेले होते. बक्षीस म्हणून काळ्या कातड्याच्या बांधणीचं बायबल मिळालं. बोर्डिंगच्या मोठ्या बाईंच्या मनात तिला बायबलबाई करायचं होतं, गावोगाव बायकांत जाऊन वचन सांगायचं काम. तेवढ्यात मास्तरांचं स्थळ आलं. मुलगा शास्त्रात फार हुशार आहे, असं सांगितलं गेलं. अठरा वर्षांची आनंदी खूश झाली. तिला वाटलं, हा विचारील, मी सांगेन, मी विचारीन, हा सांगेल, आणि असाच संसार होईल.

लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात घरी पाहुणे होते. बोलता बोलता मास्तरांनी एक वचन सांगितलं आणि अध्याय चुकीचा सांगितला. दाराआडून नव्या नवरीनं बरोबर अध्याय सांगितला. पाहुणे खो खो हसले. "मास्तर, शिष्यीण गुरूच्या वर निघाली!" मास्तर रागावले नाहीत, हात उगारला नाही, तसा माणूस नव्हता तो. फक्त त्या दिवसापासून त्यांनी तिच्यासमोर पुस्तक उघडणं सोडलं. तिनंही मग तोंड उघडलं नाही. एकानं दार लोटलं, दुसरीनं आतून कडी घातली.

कधी एखादं वचन सापडेनासं झालं की मास्तर दोन-दोन दिवस पानं उलटत बसत. ती समोर तांदूळ निवडत असायची. तिला ग्रंथ ठाऊक, अध्याय ठाऊक, डावं पान की उजवं तेसुद्धा ठाऊक. विचारलं असतं तर एका श्वासात सांगितलं असतं. मास्तर विचारत नसत आणि ती खडे निवडत राहायची. मंडळीतली नर्स चंद्राबाई अडली की तिच्याकडं यायची, रविवारी पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायची तीच. सगळं कर्जत तिला विचारायचं, घरचा माणूस तेवढा सोडून.

त्यांना एक मुलगी झाली होती, जया. छप्पन्न साली चार वर्षांची होऊन घटसर्पानं गेली. त्या दिवशी खोपोलीला मास्तरांची एका शाळामास्तराशी भर सभेत वादाची बैठक ठरली होती. ते सकाळच्या गाडीनं गेले, वाद जिंकले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले, तेव्हा शेजाऱ्यांनी पुढच्या खोलीतली बाकं बाजूला सारून ठेवली होती. पाळकसाहेबांना यायला जमेना, म्हणून दफनविधी मास्तरांनीच चालवला. पुनरुत्थानाच्या आशेची वचनं त्यांनी खणखणीत वाचली. आवाज कुठं कापला नाही. आनंदीबाईच्या कानात तो न कापलेला आवाज राहून गेला. त्यानंतर त्या घरात पोरीचं नाव निघालं नाही. ह्या माणसाजवळ प्रत्येक गोष्टीला वचन आहे, जयालाही असेल, असं तिनं ठरवून टाकलं आणि त्याबद्दल त्याला कधी क्षमा केली नाही.

सत्तर साली भातं झोडून झाल्यावर सहदेव ओट्यावर बसून म्हणाला, "मास्तर, तुमी तोंडानं सांगता त्ये ऱ्हाऊंद्या. एकदा मूळ गरंथ वाचाया द्या मला."

मास्तरांनी कपाटातून शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलातल्या नुसत्या येशूच्या चरित्राचं, एक पातळसं पुस्तक काढून दिलं. "एवढं पुरे आहे तुम्हाला, सहदेवबुवा."

आतून आनंदीबाईनं ते ऐकलं आणि तिला हसू आलं. एवढं पुरे! म्हणजे जिंकण्यापुरतं दिलं. आणि तिथंच तिच्या डोक्यात किडा वळवळला.

सहदेव निघाला तेव्हा ती हंडा घेऊन रस्त्याच्या नळावर उभी होती. तो जवळ आल्यावर तिनं पदराखालून बक्षिसाचं काळं बायबल काढलं. एका पानात शिवणाचा पांढरा दोरा घातलेला होता.

"हा घ्या मूळ ग्रंथ. दोरा आहे तिथलं वचन पुढच्या बाजारी काढा त्यांच्यापुढं. मग बघा."

सहदेवनं आधी मुंडासं सरळ केलं, मग दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं. "मास्तरांना ठावं हाय का, वयनी?"

"त्यांना कशाला ठाऊक असायला हवं? तुम्हाला जिंकायचंय ना?"

दोरा होता तो दहा आज्ञांच्या पानात. बापजाद्यांच्या पापाचं शासन देव पोराबाळांना करतो, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं आहे. मास्तरांचं अकरा वर्षांचं 'कुणीच नाही' ह्या एका ओळीनं आडवं झालं असतं. ते व्हावं, मास्तरांनी आत यावं, घाम पुसावा आणि म्हणावं, "अगं, ह्याला उत्तर काय?" एवढंच तिला हवं होतं. उत्तर तिच्याजवळ तयार होतं. पुढं एका संदेष्ट्यानं ते बोलून टाकलेलं आहे, बापाचं पाप मुलानं भोगायचं नाही म्हणून. यहेज्केल, अध्याय अठरावा. नुसतं विचारायचा अवकाश.

त्या दोऱ्याच्या पानात तिला जया दिसली नाही. तिच्यापुढं होता तो फक्त ओटा आणि ओट्यावरची ती दोन माणसं.

पुढच्या बाजारी आनंदीबाईनं चहा लवकर टाकला आणि दाराशी येऊन उभी राहिली. सहदेवनं नामाचा पाय काढला, मास्तरांनी आंधळा काढला, कुणीच नाही झालं, थाप पडली. दोऱ्याचं वचन काही निघालं नाही. तिला वाटलं, विसरला असेल. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. उलट सहदेव त्या दिवशी जरा मऊच बोलत होता. मास्तर जोरात आले की तो म्हणायचा, "आसंल बा, तुमचंबी खरं आसंल." असं तो अकरा वर्षांत कधी म्हणाला नव्हता. आतमध्ये आनंदीबाईच्या हातून कपाचा कान मोडला.

तिसऱ्या बाजाराला ती नळावरच थांबली. ओट्यावरून उठून सहदेव आला, त्यानं घोंगडीतून पुस्तक काढलं. ते तांबड्या फडक्यात बांधलेलं होतं, पोथी बांधतात तसं. तिनं फडकं सोडलं तर कातड्याच्या बांधणीवर हळदीकुंकवाचं बोट आणि चार अक्षता.

"हे काय केलंत?"

"गरंथ हाय वयनी. भुईवर कसा ठेवनार? पाटावर ठिवला व्हता. आंगोळ करून वाचला."

एरवी ती या कुंकवावर हसली असती नाहीतर चिडली असती. आज तिला वेगळीच घाई होती. "वाचलंत ना? मग काढलं का नाहीत? घाबरलात?"

सहदेव रस्त्याकडं बघत राहिला. "त्ये वचन मास्तरांपुढं नाय काढायचं. त्यांना लागंल."

"लागू दे की! इतकी वर्षं भांडताय ते काय कुरवाळायला?"

"तसं नाय. पोरीच्या पायी लागंल."

"कुठल्या पोरीच्या?"

"तुमच्या. जयाच्या."

चौदा वर्षांनी ते नाव तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि ते तोंड मिशांचं होतं. हंडा भरून वाहायला लागला.

सहदेवला वाटलं, बाईंना सगळं ठाऊक असणारच. तो आपला बोलत गेला. "पोर तापानं फनफनत व्हती न् मी तिकडं वाद जितत व्हतो, मास्तर म्हंतात. माज्या गर्वापायी देवानं पोर नेली, असं त्यांच्या मनानं घेतलंय. मला पयल्याच वर्साला सांगितलंनी. लय रडलं त्या दिशी. तवा तुमी आठवडाभर नगरकडं गेल्या व्हत्या. आता मीच ह्ये बापाच्या पापाचं वाचून दाखवलं तर मानूस जागीच बसंल, वयनी. वाद वादाच्या जागी हाय, पर..."

त्याचं 'पर' तिच्यापर्यंत पोचलंच नाही. पहिल्याच वर्षी! रडले! जो माणूस कबरीशी उभा राहून खणखणीत वाचत होता, तो ह्या पोशीरच्या माणसापुढं रडला. जिनं पोर पोटात वाढवली, जिच्या मांडीवर ती गेली, तिच्यापुढं नाही. इतकी वर्षं तिला दाढीचा, सदऱ्याचा, चहातल्या आल्याचा हेवा वाटत होता. तो सगळा पोरखेळ होता. खरी चोरी ही होती, आणि तिचा तिला पत्ताच नव्हता.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"ओट्यावर. तुम्हीपण चला."

हंडा नळाखाली तसाच राहिला. ती पुढं, सहदेव मागं. मास्तर चष्मा पुसत ओट्यावरच बसले होते. बाजाराच्या दिवशी बायको ओट्यावर आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते काही म्हणायच्या आत तिनं दोऱ्याचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या ते वचन मोठ्यानं वाचून दाखवलं. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, इथवर सगळं.

"द्या उत्तर," ती म्हणाली. "फार वाद जिंकता ना? ह्याचं द्या."

मास्तरांचा चेहरा बघता बघता उतरला. ज्या माणसाच्या जिभेपुढं खोपोलीची सभा गप्प बसली होती, तो माणूस हातातला चष्मा डोळ्यांना लावायचं विसरून तिच्याकडं बघत राहिला. तिला हवं होतं ते झालं होतं. तिला वाटलं होतं तसा आनंद मात्र झाला नाही.

"वयनी, नगा!" सहदेव मध्ये पडला, आणि मग जे झालं ते कर्जतच्या त्या ओट्यानं कधी पाहिलं नव्हतं. सहदेव मास्तरांच्या बाजूनं भांडायला लागला. "कुनीच नाय! मास्तर, तुमीच सांगितलंत ना? त्यो आंधळा, त्याचं पाप नाय, आईचं नाय, बापाचं नाय! शिष्यांनी इचारलं न् देवानं सोता सांगितलं. मग आज गप का? बोला की!" त्यानं गुडघ्यावर थाप मारली. तिसऱ्यांदा सांगताना तर तो पोथीच्या चालीवर गेला आणि डोलायला लागला. येणारेजाणारे थबकले. मालोजी मास्तरांचा आंधळा पोशीरच्या पोथीवाल्याच्या तोंडी ऐकून पोस्टमन तर आ वासून उभा राहिला.

"सहदेवबुवा," मास्तर हळूच म्हणाले, "ते मला पाठ आहे. अकरा वर्षं तुम्हाला सांगतोय. माझं मलाच पटत नाही, तुम्हाला कसं पटावं?"

सहदेव डोलायचा थांबला. मग हताश होऊन म्हणाला, "आता काय बोलू? मी हितं हराया येतो, मास्तर. नामाच्या पायासाठी, तुमचं 'कुनीच नाय' ऐकाया. तुमाला वाटलं का मी जिताया येतो?"

आनंदीबाईच्या जिभेवर तिचं उत्तर तयार होतं. सत्त्याण्णव गुणांचं. "यहेज्केल," ती पुटपुटली. "अठरावा अध्याय."

"विसावं वचन," मास्तर म्हणाले. "तेही पाठ आहे गं."

म्हणजे त्यांना ते ठाऊकच होतं. ती खाली बसली. ओट्यावर, नवऱ्यापासून हातभर अंतरावर, जिथं इतकी वर्षं सहदेव बसत होता.

"ह्यांना सांगितलंत," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढत नव्हता. "मला नाही सांगितलंत. मी कोण होते? पोर काय ह्यांची होती?"

"तुला कुठल्या तोंडानं सांगणार?" मास्तर म्हणाले. "तू तिथं होतीस. मी नव्हतो."

सहदेवनं घोंगडी उचलली. गाडीला अजून तासभर अवकाश होता, तरी "गाडी चुकंल," म्हणून तो ओट्यावरून उतरला आणि जाता जाता थबकलेल्या लोकांनाही हात करून पुढं घेऊन गेला.

समोरच्या रस्त्यावरून बाजार उठून चालला होता. मग मास्तरांनी विचारलं. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि आनंदीबाईला ठाऊक असलेली एखादी गोष्ट मास्तरांनी तिला विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"एक विचारू? काय म्हणाली ती? शेवटी?"

आनंदीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. चंद्राबाईला नाही, देवालासुद्धा प्रार्थनेत नाही.

"तुम्हाला हाक मारली," ती म्हणाली. "मांडी माझी, पाणी मी पाजत होते, रात्रभर जागी मी. आणि हाक तुम्हाला. बाबा कुठंयत, बाबा कुठंयत. घसा बंद होत आला होता तरी तेच. एकदासुद्धा आई म्हणाली नाही. मला सहन झालं नाही ते. म्हणून नाही सांगितलं तुम्हाला. मुद्दाम नाही सांगितलं."

मास्तरांनी तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. तिनं त्यांना रडू दिलं, कबरीपाशीचंही आणि नंतरचंही.

"मग तू काय सांगितलंस तिला?"

"आलेच म्हटलं. स्टेशनावर उतरलेत, आत्ता येतील."

"मी तर तिकडं सभेत उभा होतो."

"हो. खोटंच सांगितलं."

"मग?"

"'बरं' म्हणाली. आणि डोळे मिटून घेतले."

"खरं वाटलं तिला?"

"लगेच," आनंदीबाई म्हणाली. "तिनं काही विचारलंच नाही."